येसूचे बूट

त्या दुकानात शिरल्याबरोबर मला मळमळायला लागलं. दाराशीच जुन्या बुटांचा ढीग होता, गुडघ्याच्या वर उंच. लष्कराने टाकलेले, डोंगर चढायला येणाऱ्या लोकांनी विकलेले, कुणाकुणाचे. ओलं चामडं, रबर, डांबराच्या गोळ्या आणि शेकडो माणसांच्या पायांचा घाम, असा सगळा मिळून एक वास होता. बाहेर बर्फ पडलेलं, म्हणून दुकानदाराने दार लावून घेतलं होतं आणि आत कोळशाची शेगडी पेटवली होती. वास तापत होता.

"नाक काय दाबता, दाजी," चिंतामण म्हणाला. "कोंबडीखताच्या पोत्यावर बसून भाकर खाणारी माणसं आपण."

"खताचा वास वेगळा. हा माणसाचा आहे."

चिंतामण माझ्या बायकोचा, येसूचा थोरला भाऊ. आमच्या टोळीचा मुकादमही तोच. आम्ही दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटण्या करायचो. कुलूकडचा एक सफरचंदवाला ठाकूर नाशिकला बागा बघायला आला होता. त्याने आमचं काम बघितलं. आम्ही फांदी कापली की कापलेल्या जागेवर, बुरशी धरू नये म्हणून, येसू ब्रशने पेस्ट लावायची. एक थेंब खाली सांडत नसे. ते ठाकूरला फार आवडलं. आमच्याकडे सफरचंदाची छाटणी थंडीत असते, तुम्ही या, असं तो चिंतामणला म्हणाला. मग त्या पौषात आम्ही निघालो. चिंतामण, मी, कचरू आणि दौलत हे कापणारे, आणि पेस्टला येसू.

ठाकूरने आधीच सांगून ठेवलं होतं की वर गावात येण्याआधी खालच्या बाजारात थांबा, बर्फातले बूट आणि हातमोजे पसंत करा, दुकानदार माझ्या नावावर लिहील. ठाकूरशी बोलणं चिंतामणचं, दुकानदाराशी बोलणंही त्याचंच. आमच्यात नीट हिंदी त्यालाच यायची.

नवे बूट मागच्या फळीवर होते. तळाला जाड रबर, वर काळं रेक्झिन, आत पांढरी लोकर. मी पायाला घट्ट बसणारा जोड घेतला. शिडीवर उभं राहायचं म्हणजे बूट पायाला धरून पाहिजे, हे आमचं डोकं. दुकानदार मान हलवून "ढीला, ढीला" म्हणत होता. त्याने माझ्या बुटात स्वतःची मूठ घालायचा प्रयत्न केला, ती जाईना, तर मला एक नंबर मोठा जोड काढून दिला. पाय आत हलला पाहिजे, बोटांभोवती हवा पाहिजे, तीच हवा गरम राहते, असं तो खुणा करून सांगत होता. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, तरी घेतला.

चिंतामणने दोन जोड घालून बघितले. पहिला लगेच बाजूला ठेवला. दुसऱ्याला मात्र फार वेळ लावला. आत हात घालून लोकर चाचपली, शिवण उलटी करून बघितली, पुढचं टोक अंगठ्याने दाबलं आणि स्वतःशीच हसला. तो जोड त्याला बराच मोठा होता. मला वाटलं, ह्याने दुकानदाराचं भलतंच मनावर घेतलं.

येसू दाराशी उभी होती. अंगठ्याचे मोजे आणि चपला. पायातली जोडवी मोज्यातून वर आलेली दिसत होती.

"दादा, माझ्या पायांचं काय?"

"तुला कापडी बूट. ठाकूरने तेवढंच सांगितलंय. झाडावर चढणार त्याला बूट, खाली राहणार त्याला कापडी."

"अन् हातमोजे?"

"पेस्टचे रबरी आणलेत ना घरून."

मी म्हणालो, "चिंतामण, आपण वर झाडावर असणार. बर्फात दिवसभर उभी ती राहणार."

"मग विचारा तुम्ही मालकाला. मी पहिल्याच दिवशी तोंड उघडू का? आणि हिच्या टाचा बघा, दाजी. टायर आहे ट्रॅक्टरचं. ही बुटात गेली तर बूट गरम होईल, हिला काय होणार नाही."

कचरू आणि दौलत हसले. सगळ्यांत जास्त येसू हसली. भावाने चेष्टा केली की तिला बरं वाटायचं. आईबाप लहानपणीच गेलेले. माहेर म्हणजे तिला तेवढा एक माणूस.

चिंतामण दुकानदाराला मागे घेऊन गेला आणि हळू आवाजात काही बोलला. दुकानदाराने येसूकडे बघितलं, मग चिंतामणकडे. मग त्याने तोंड फिरवलं आणि बूट खोक्यात भरायला लागला. कुजलेलं काही बघितल्यावर माणूस तोंड फिरवतो, तसं. त्या ढिगाच्या वासाने असेल, असं मला वाटलं. पण त्याला त्या वासाची रोजची सवय होती.

वर बागेत पिंडरीपर्यंत बर्फ होतं. सफरचंदाची झाडं काळी, उघडी. शिडी लावून आम्ही चढायचो. पहिल्या दिवशी आम्ही चौघांनीही नव्या हातमोज्यांची अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं कापून टाकली. द्राक्षात फांदीवरचा डोळा बोटाने चाचपायची सवय, त्याशिवाय कात्री लावायचा धीर होत नाही. ठाकूर आला, आमची उघडी बोटं बघून डोक्याला हात लावला. पुढे बोटांना भेगा पडल्या, रक्त आलं. पण आम्ही हलत होतो, चढत उतरत होतो. आमचं भागलं.

येसू खाली उभी असायची. एका झाडाच्या सगळ्या कापांना पेस्ट लावून होईपर्यंत हलायचं नाही. कापडी बूट पहिल्याच सकाळी भिजले. मग तिने आमच्याकडची युक्ती केली. पेस्टच्या दिवसांत रबरी मोजे फाटले की आम्ही हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतो. तिने पायांना बांधल्या. मोज्यावर पिशवी, पिशवीवर बूट, आणि वर सुतळी.

"कसं?" तिने मला खालून विचारलं. "तुमच्या बुटांपेक्षा गरम."

तासभर गरमच असायचं. मग आत घाम यायचा, तो बाहेर जायला जागा नाही. ओल्या मोज्यात पाय, आणि खाली बर्फ. हे आम्हाला कळलं नाही. आमच्या गावात ओल बाहेरून येते, आतून येत नाही.

दुपारी मी वरून ओरडायचो, "येसू, पाय कसे आहेत?"

"माझेच आहेत."

एकदा मी खाली उतरून माझे बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते हातातसुद्धा घेतले नाहीत.

"कापडी बूट घालून शिडीवर चढणार? घसरलात म्हणजे इथं रडायला मी एकटीच. घाला ते."

"दुखतात ना पाय?"

"काल दुखत होते. आज थांबलेत," ती म्हणाली. चेहरा असा मोकळा, की आजारातून उठली आहे. आमच्याकडे दुखणं थांबलं की माणूस बरा झाला असं समजतात. मीही तेच समजलो. वर गेलो आणि फांद्या कापायला लागलो.

ठाकूरची आई रोज दुपारी आम्हाला चहा आणायची. तिला सगळे अम्मा म्हणायचे. पाठीत वाकलेली, तोंडात दात थोडेच, आवाज मात्र खणखणीत. एक दिवस येसू चहा घ्यायला पुढे आली तशी अम्मा तिच्या चालण्याकडे बघत राहिली. येसू पाय टाकत होती ते लाकडाचे ठोकळे टाकावेत तसे. अम्माने किटली खाली ठेवली, येसूला घरात नेलं, खाली बसवलं आणि सुतळी सोडली. मी मागोमाग गेलो.

बूट निघाला, पिशवी निघाली. पिशवीत पाणी होतं. त्या पाण्याचा वास आला आणि मला दुकानातला तो ढीग आठवला. मोजा निघाला. येसूचा पाय पांढरा पडला होता, मेणासारखा. आणि अंगठ्याशेजारचं बोट, जोडव्याच्या खालचं, निळसर काळं. दोन्ही पायांचं तेच. बोटं सुजली होती आणि चांदी त्यांत रुतली होती.

चिंतामण आत आला. "शेकू द्या," म्हणाला आणि तिचा पाय धरून तंदूरकडे, खोलीतल्या लोखंडी शेगडीकडे, ओढायला लागला. अम्माने त्याच्या मनगटावर चापट मारली. परातीत कोमट पाणी घेतलं, कोपराने तपासलं, त्यात पाय ठेवले. मग ती जोडव्यांवर बोट ठेवून म्हणाली, "ये निकालो. अभी."

येसूने पाय आवळून घेतले. "ते नाही निघायचं."

"येसू, बोट जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. तुम्ही जिवंत आहात. जिवंत माणसाची जोडवी कशी काढू?"

ती ओढून निघण्यासारखी नव्हतीच. मी माझी छाटणीची कात्री काढली. फडक्याने पुसली. चिंतामणने तिचे खांदे धरले आणि मी ती चांदी कापली, दोन्ही पायांची. ज्या कात्रीने दिवसभर फांद्या कापल्या तिनेच. तिला त्याचं दुखलं नाही, बोटांत जीवच नव्हता. तरी ती एवढी रडली की अम्माही तोंडाला पदर लावून बसली.

मग अम्माने मला विचारलं, "इसके बूट कहाँ हैं?"

मी कापडी बुटांकडे हात केला. तिने ते पायाने दूर सारले. आणि हळूहळू, मला समजेल अशा बोलीत सांगायला लागली. माझ्या पोराने पाच जोड सांगितले होते. पाच माणसं, पाच जोड, पाच हातमोजे. पहिल्यांदा सांगितलं ते बाईचं, कारण ती जमिनीवर उभी राहणार. मी शेजारीच बसले होते. मग तो बूट कुठे आहे?

चिंतामण म्हणाला, "म्हातारीला काही आठवत नाही, दाजी."

आम्ही एकाच खोलीत झोपायचो. चिंतामण उशाला एक पोतं घ्यायचा, त्यात जुने कपडे आहेत म्हणायचा. मी खोलीत गेलो आणि पोतं उलटं केलं. नवे बूट निघाले. दुकानात त्याने चाचपून बघितलेले तेच मोठे, आत पांढरी लोकर, तळाला बर्फाचा कण लागलेला नाही. आत हातमोजे गुंडाळून ठेवलेले. येसू शेजारच्याच गोधडीवर रात्रभर पाय चोळायची, आणि हा त्या बुटांवर डोकं ठेवून झोपायचा.

मी बूट हातात घेऊन उभा राहिलो. तो दारात आला.

"पोरगा कॉलेजला जातो, दाजी. त्याच्याकडे धड बूट नाहीत."

"आपल्या गावात बर्फ आहे का?"

"बर्फाचं नाही. आता फॅशन असते पोरांची." मग जरा आवाज चढवून, "मला काय ठाऊक असं होईल? ती लहानपणापासून अनवाणी हिंडलीय. काट्यांतून लाकडं आणायची. मला वाटलं, हिला काय लागतात बूट."

मी त्याला मारलं नाही. मारायला हात लावावा लागला असता. मला त्याला हात लावायचा नव्हता. गटारात पडलेली वस्तू आपली असली तरी आपण ती उचलत नाही, तसं झालं होतं.

खालच्या गावातल्या दवाखान्यात तिची ती दोन बोटं काढली. बाकीचा पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "दादाला काही बोललात का?"

"अजून धड नाही. बूट त्याच्याच पोत्यात निघाले."

"बोलू नका. गावातही कुणाला सांगू नका. झाडाची फांदी पायावर पडली म्हणायचं."

"का म्हणून?"

"मला माहेर एवढंच आहे. लोकांनी त्याला नावं ठेवली तर तो माझ्या दारात यायचा नाही. भाऊबीजेला मी कुणाला ओवाळू?"

मी तिच्या पायांकडे बघत होतो. पट्ट्यांतून पिवळं पाणी येत होतं.

"माझी शपथ आहे तुम्हाला," ती म्हणाली.

मी शपथ पाळली. गावात सगळ्यांना फांदीच माहीत होती. बायका हळहळायच्या, जोडवी घालायला बोट राहिलं नाही म्हणून. येसू म्हणायची, "नवरा तर आहे ना." ती थोडी झुकून चालायची. पुन्हा छाटणीला आली, पुन्हा पेस्ट लावायला लागली. चिंतामण दर दिवाळीला यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा, लाडू खायचा. मी तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसायचो. त्याचं चावणं ऐकवत नसे.

ते बूट त्याने ठाकूरला परत दिले नाहीत, येसूलाही दिले नाहीत. येसूला पट्ट्या होत्या, बूट कुठे घालणार, असं म्हणून ते त्याच्याबरोबर घरी गेले. एका वर्षी येसूच्या आग्रहाने मी तिच्याबरोबर त्याच्याकडे गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात ते बूट होते. पोराने ते दोनदा घातले, पायांना घाम आला, टाकून दिले. एका बुटात गवत घातलं होतं आणि त्यावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पांढरी लोकर तिच्या पिसांत मिसळून गेली होती.

मी येसूकडे बघितलं. ती कोंबडीकडे बघत होती.

"हिला तरी ऊब लागली," ती म्हणाली. एवढंच. त्या गोष्टीवर तिच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य.

गेल्या वर्षी चैत्रात येसू गेली. कावीळ होती, आम्ही ताप समजत राहिलो. सकाळी गेली. निरोप धाडल्यावर दुपारच्या आत चिंतामण आला. आता तो मोठा माणूस झालेला, दोन टोळ्या त्याच्या हाताखाली, पांढरे कडक कपडे. पोराच्या मोटरसायकलवर मागे बसून आला आणि उतरताच मोठ्याने रडला. लोकांनी त्याला धरून बसवलं. त्याने बहिणीसाठी माहेरची साडी आणली होती. हिरवी, जरीच्या काठाची, भारी. लोक ती हातात घेऊन बघत होते. भाऊ असावा तर असा, असंही कुणी म्हणालं.

सवाष्ण गेलेली. बायकांनी आंघोळ घातली, हळदीकुंकू लावलं, चुडा भरला. ठकूमावशी ह्या कामात पुढे असायची. तिने साडीची घडी मोडली. आतून कागदाची पुडी पडली. तिने ती उघडली. जोडवी होती. नवी, चांदीची.

ठकूमावशी पायाशी बसली. पाय हातात घेतला आणि थांबली. मग तिने वर बघून विचारलं, "हिला ही घालू कुठं?"

चिंतामण डोळे पुसत म्हणाला, "पायाशी ठेवा, मावशी. भावाचं म्हणून राहू द्या."

मी उठलो, जोडवी उचलली आणि त्याच्या हातात परत ठेवली.

"हे नको. बूट आण."

"कुठले बूट?"

"कोंबडी बसते ते."

त्याने आजूबाजूला बघितलं. "दाजी, ही वेळ आहे का?"

"तिने बोलू नका म्हटलं होतं म्हणून गप्प होतो. आता ती काही म्हणत नाही."

लोक विचारायला लागले, कुठले बूट, काय झालं. मी सांगितलं. फार बोललो नाही. दुकान, पोतं, कात्री, एवढंच. कचरू तिथे होता. त्याला लोकांनी विचारलं, खरं का रे. त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

म्हातारे रामजीबाबा मला म्हणाले, "सुकदेव, मयताच्या पायात बूट घालतात का कुठं?"

"आमच्या घरात घालतात, बाबा."

"तिष्ठत ठेवायचं का तिला?"

"चिंतामणचं गाव जवळ आहे. तिचं माहेर आहे ते."

साडीला कुणी हात लावेना. ती अर्धी उलगडलेली तशीच पडून राहिली. चिंतामणने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग तो पोराच्या मोटरसायकलवर बसला आणि गेला. तो परत येणार नाही, असं मला वाटलं होतं. पण सगळ्या गावाने ऐकलं होतं आणि त्याला ह्याच गावांतून माणसं छाटणीला न्यायची होती. तो आला.

बूट कपड्यांना लागू नयेत म्हणून त्याने ते लांब धरले होते. रेक्झिनच्या खपल्या निघाल्या होत्या. आत गवत, पिसं, वाळलेली घाण, फुटलेल्या अंड्याची टरफलं. तो तसाच आत यायला लागला.

"असे नाही," मी म्हणालो. "धुऊन आण."

अंगणात हातपंप आहे. तिथे बायका उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या. दांडा हलवायला कुणी पुढे आलं नाही. शेवटी त्याचा पोरगा आला. चिंतामण उकिडवा बसला. आधी काडीने खरवडायला बघितलं, जमेना, तसा हात आत घातला. भिजलेल्या घाणीचा वास सुटला. सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. मी नाही लावला. पांढऱ्या बाह्यांवरून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. तो बराच वेळ धूत होता.

मग तो बूट घेऊन येसूच्या पायांशी गुडघ्यांवर बसला. त्याने पहिल्यांदा तिचा पाय नीट बघितला असेल. अंगठ्याशेजारी मोकळी जागा होती, तिथे कातडी गुळगुळीत झालेली. बूट तिला बरेच मोठे, पाय सहज आत गेले. आतल्या लोकरीतून पाणी दाबलं गेलं आणि जमिनीवर सांडलं.

तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओले आहेत, दाजी."

"असू दे," मी म्हणालो. "तिला सवय आहे."